नळाच्या पाण्याने तडकलेले विमान

कॅलिफोर्नियातल्या बरबँक गावात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका विमानाच्या पंखाचे पत्रे विचित्र वागू लागले. हिवाळ्यात स्पॉट वेल्डिंगने जोडलेले पत्रे कितीही चाचण्या घेतल्या तरी टिकत. उन्हाळ्यात जोडलेले थोड्याच काळात तडकत. धातू तोच, यंत्रे तीच, कारागीरही तेच. कारण कोणालाच सुचेना. सुदैवाने या कारखान्यात प्रत्येक तुकड्याची जन्मपत्रिका लिहून ठेवण्याची शिस्त होती: तो कोणत्या ओतिवातून आला, कधी कापला, कधी जोडला. नोंदी महिन्यांप्रमाणे मांडल्या तेव्हा संशयाचे बोट वळले ते गावाच्या नळाकडे. उन्हाळ्यात शेवाळ माजू नये म्हणून बरबँकच्या पाण्यात भरपूर क्लोरीन सोडत. हिवाळ्यात त्याची गरज नसे. जोडलेले भाग याच पाण्याने धुतले जात. पावसाळ्यात आपल्याकडे नळाच्या पाण्याला जो वास येतो, तोच हा क्लोरीन. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही, पण टायटॅनियम तापले की त्याला तो सोसत नाही. भाग डिस्टिल्ड वॉटरने धुवायला सुरुवात झाली आणि तडे थांबले.

हा शोध बाहेर कोणालाही सांगता येणार नव्हता, कारण जगाच्या दृष्टीने ते विमानच अस्तित्वात नव्हते. ते बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीतल्या छोट्या गुप्त विभागाला आतले लोक ‘स्कंक वर्क्स’ म्हणत. त्याचे सर्वेसर्वा होते क्लेरन्स लिओनार्ड जॉन्सन, सगळ्यांचे ‘केली’.

केली हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. २७ फेब्रुवारी १९१० रोजी मिशिगन राज्यातल्या इशपेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. आईवडील स्वीडनहून पोट भरायला आलेले, वडील गवंडीकाम करणारे, घरात नऊ भावंडे आणि हा सातवा. आई लोकांचे कपडे धुऊन द्यायची आणि ती गाठोडी पोहोचवायला क्लेरन्स जायचा; कोणी पाहू नये म्हणून गल्लीबोळांतून. शाळेत एक मुलगा त्याला ‘क्लारा’ या मुलीच्या नावाने चिडवी. एके दिवशी क्लेरन्सने त्याला असा पाडला, की त्याचा पायच मोडला. एवढ्या भांडखोर पोराला क्लारा कसे म्हणायचे? मुलांनी त्या काळच्या एका गाण्यातले ‘केली’ हे रांगडे आयरिश नाव त्याला चिकटवले आणि ते जन्मभर राहिले. गावातल्या कार्नेगी वाचनालयात त्याने टॉम स्विफ्टच्या साहसकथा वाचून काढल्या आणि आपण विमानेच बनवायची हे ठरवले. तेराव्या वर्षी विमानाच्या आराखड्याला त्याला बक्षीसही मिळाले.

मिशिगन विद्यापीठात शिकताना त्याने आणि एका मित्राने विद्यापीठाचा विंड टनेल, म्हणजे प्रचंड पंख्याने वारा सोडून प्रतिकृती तपासण्याचा बोगदा, रिकाम्या वेळेत भाड्याने घेतला. मोटार कंपन्यांसाठी त्यात चाचण्या करून दोघांनी बरी कमाई केली. त्याच बोगद्यात लॉकहीड कंपनीच्या नव्या ‘इलेक्ट्रा’ विमानाची प्रतिकृती तपासायला आली होती. केलीचे मत पडले, की हे विमान हवेत दिशा नीट धरणार नाही; विशेषतः दोनपैकी एक इंजिन बंद पडले तर. प्राध्यापकांचा अहवाल मात्र अनुकूल गेला.

१९३३ मध्ये जॉन्सन यांना नोकरी मिळाली ती नेमकी लॉकहीडमध्ये. पगार महिना ८३ डॉलर, काम कारखान्यातली अवजारे आखण्याचे. कंपनी नुकतीच दिवाळखोरीतून बाहेर आलेली आणि तिची सगळी भिस्त इलेक्ट्रावर. अशा वेळी या तेवीस वर्षांच्या पोराने वरिष्ठांना जाऊन सांगितले, की तुमचे विमान अस्थिर आहे आणि विद्यापीठाचा अहवाल चुकीचा आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीत त्याच संध्याकाळी हिशेब चुकता झाला असता. पण मुख्य अभियंता हॉल हिबर्ड वेगळ्या मातीचे होते. त्यांनी प्रतिकृती जॉन्सन यांच्या मोटारीत चढवून त्यांना परत मिशिगनला पाठवले: चूक दाखवतोस ना, मग उपायही तूच शोध. जॉन्सन यांनी ७२ चाचण्या केल्या आणि शेपटीच्या दोन्ही टोकांना एकेक उभा पंख लावून विमान स्थिर केले. ही दुहेरी शेपटी पुढे लॉकहीडच्या विमानांची ओळख बनली. इलेक्ट्रा यशस्वी झाले. अमेलिया एअरहार्ट १९३७ मध्ये ज्या विमानातून पॅसिफिकवर बेपत्ता झाल्या, तेही याच जातीचे. कमीत कमी इंधनात अधिकाधिक लांब कसे उडावे याचे धडे त्यांना जॉन्सन यांनीच दिले होते. या माणसाला हवा डोळ्यांनी दिसते की काय, असे हिबर्ड पुढे कौतुकाने म्हणत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तोवर हिबर्ड आणि जॉन्सन यांचे पी-३८ हे जुळ्या धडाचे लढाऊ विमान आकाशात होते. वेगाने सूर मारताना ते ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाई आणि मग वैमानिकाच्या हातातला दांडा जणू गोठून जाई. १९४१ मध्ये एक चाचणी वैमानिक त्यात गेला. पंखाखाली उघडणाऱ्या झडपा लावून तोडगा निघाला, पण वेळ लागला. पी-३८ च्या अशा कोड्यांवर काम करणाऱ्यांत १९४२ मध्ये आलेल्या मेरी गोल्डा रॉस होत्या. चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीतल्या गणितज्ञ. लॉकहीडमध्ये पुढे जे गुप्त अभियंता पथक उभे राहिले, त्यातल्या पहिल्या चाळीस जणांत त्यांची गणना होते. २००८ मध्ये, शंभरी अगदी जवळ आली असताना, त्या गेल्या. त्यांच्या कामाचा बराचसा भाग तेव्हाही गोपनीयच होता.

स्कंक वर्क्सचा जन्म १९४३ च्या जूनमधला. जर्मनी जेट विमाने आणत असल्याच्या बातम्या होत्या आणि अमेरिकेला तसेच विमान तातडीने हवे होते. जॉन्सन यांनी १८० दिवसांत ते देण्याचा शब्द दिला. लॉकहीडचे सगळे कारखाने युद्धाच्या कामाने भरलेले, जागा नाही, माणसे नाहीत. जॉन्सन यांनी इंजिने येतात त्या लाकडी खोक्यांच्या भिंती उभ्या केल्या, वर सर्कशीचा तंबू भाड्याने आणून टाकला आणि निरनिराळ्या खात्यांतून हवी ती माणसे उचलली. अभियंते आणि कारागीर मिळून सव्वाशेच्या आसपास. रीतसर करार हातात पडला तो ऑक्टोबरात, तोवर काम चार महिने पुढे गेले होते. १४३ दिवसांत विमान तयार झाले आणि ८ जानेवारी १९४४ रोजी मायलो बर्चम यांनी ते उडवले.

नावाची कथा मजेशीर आहे. तंबूच्या शेजारी प्लास्टिकचा कारखाना होता आणि त्याचा उग्र दर्प आत शिरे. त्या वेळी वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या एका व्यंगचित्रमालेत स्कंक नावाच्या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्यापासून काहीतरी भयंकर पेय गाळणारी एक भट्टी होती. अर्व्ह कल्व्हर या अभियंत्याने एकदा गंमत म्हणून फोन उचलताना त्या भट्टीचेच नाव घेतले. जॉन्सन यांनी त्यांना नोकरीवरून काढले म्हणतात. पण कल्व्हर यांच्या सांगण्याप्रमाणे ते काढणे रोजचेच होते. व्यंगचित्रमालेच्या मालकांनी पुढे हरकत घेतली तेव्हा एक अक्षर बदलून ‘स्कंक वर्क्स’ हे नाव पक्के झाले.

या वेगाचे कौतुक करताना त्याची किंमत नजरेआड करता येत नाही. बर्चम त्याच वर्षी ऑक्टोबरात याच जातीच्या विमानाच्या अपघातात मरण पावले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, अमेरिकेचा सर्वाधिक विमाने पाडणारा वैमानिक रिचर्ड बॉन्गही तसाच गेला. दोन्ही वेळी इंधन पुरवणाऱ्या पंपाने दगा दिला होता.

जॉन्सन यांच्या कामाच्या पद्धतीवर आज व्यवस्थापनाच्या वर्गांत व्याख्याने होतात. त्यांनी चौदा नियम लिहिले होते. त्यांचे सार एवढेच, की माणसे थोडी ठेवा, अगदी निर्दयपणे थोडी. आराखडा काढणारा आणि पत्रा ठोकणारा एकमेकांना हाक मारता येईल इतके जवळ असावेत. अहवाल कमीत कमी, पण महत्त्वाच्या कामाची नोंद चोख. ज्याने विमान बनवले त्यानेच त्याच्या पहिल्या चाचण्या घ्याव्यात. आणि हाताखाली किती माणसे आहेत यावर पगार ठरवू नये. आपल्या कचेऱ्यांत हा शेवटचा नियम लावला तर किती खुर्च्या हलतील, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. हे सगळे चालण्यासाठी एक गोष्ट मात्र लागते. वाईट बातमी सांगणाऱ्याला भीती वाटता कामा नये, हिबर्ड यांच्या खोलीत शिरलेल्या त्या तेवीस वर्षांच्या पोराला वाटली नव्हती तशी.

हे स्वतः जॉन्सन यांना नेहमी जमले असे नाही. आवाज चढलेला, राग नाकावर आणि हवेविषयी आपले मत चुकणारच नाही ही खात्री. १९५५ मध्ये त्यांनी यू-२ हे हेरगिरी विमान बनवले. पहिले विमान आठ महिन्यांत देण्याचा शब्द होता. तो पाळला आणि खर्चही ठरल्यापेक्षा कमी झाला. नेवाडाच्या वाळवंटातल्या एका कोरड्या तळ्यावर, ज्याला आज जग एरिया ५१ म्हणून ओळखते, १ ऑगस्टला ते नुसते धावपट्टीवर पळवून बघायचे होते. पण पंख इतके लांब आणि वजन इतके कमी, की ते आपणहून हवेत उठले. काही दिवसांनी ते ठरवून उडवले तेव्हा पंचाईत झाली ती उतरवताना. पुढचे चाक आधी टेकवा, हा जॉन्सन यांचा आग्रह. चाचणी वैमानिक टोनी लव्हिए यांचे मत नेमके उलट. सांगितल्याप्रमाणे त्यांनी प्रयत्न केला, विमान चेंडूसारखे उसळले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. शेवटी लव्हिए यांनी स्वतःच्या पद्धतीने शेपूट खाली घेतली आणि विमान अलगद टेकले. पुढे यू-२ त्याच पद्धतीने उतरवण्यात येऊ लागले.

यू-२ ची उंची सुमारे ७०,००० फूट, म्हणजे २१ किलोमीटर. तिथे माणसाच्या शरीराचे काय होते, हे त्या काळात फार थोड्यांना ठाऊक होते. लेहमध्ये कुकर नसेल तर डाळ शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते. हाच हिशेब वर नेत गेले तर साधारण १९ किलोमीटरवर पाणी ३७ अंशांना उकळू लागते, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला. उघड्या देहाने तिथे गेलेल्या माणसाची लाळ आणि डोळ्यांतले पाणी उकळू लागेल. म्हणून वैमानिकाला अंगाभोवती घट्ट आवळणारा दाबाचा पोशाख लागे. दुसरा धोका रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचा. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात तसे दाब कमी होताच रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरतात आणि असह्य वेदना होतात. त्यावर उपाय म्हणून उड्डाणाआधी तास-दोन तास शुद्ध प्राणवायू घेत बसायचे, म्हणजे नायट्रोजन उच्छ्वासातून निघून जातो. एवढे सोसून विमानात बसावे तर त्या उंचीवर सुरक्षित वेगाची पट्टी अगदी अरुंद: जरा हळू गेले की विमान कोसळणार, जरा वेगात गेले की थरथरून मोडणार.

१ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले यू-२ सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला आणि सारे जगजाहीर झाले. भारताचाही या विमानाशी संबंध आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर नेहरूंनी यू-२ ला भारताच्या आकाशातून जाण्याची परवानगी दिली आणि १९६४ मध्ये ओडिशातल्या चारबतिया तळावरून ते उडालेही. हे अधिकृतपणे कळायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएने आपला यू-२ चा इतिहास अधिक मोकळा केला.

गुप्ततेचा खरा भार वाहिला तो साध्या माणसांनी. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी त्या वाळवंटी तळाकडे माणसे नेणारे एक मालवाहू विमान लास वेगासजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतले चौदाही जण गेले. त्यांच्यात यू-२ वर काम करणारे अभियंतेही होते. ते कुठे आणि कशासाठी निघाले होते, हे त्यांच्या घरच्यांना कित्येक दशके कळले नाही.

यू-२ पाडले जाण्याआधीच जॉन्सन पुढच्या विमानाला लागले होते. मध्येच एक वेगळी वाट त्यांनी चोखाळून पाहिली: उणे २५३ अंशांना द्रवरूप राहणाऱ्या हायड्रोजनवर उडणारे विमान. सरकारने पैसा दिला, काम पुढे गेले, आणि मग जॉन्सन यांच्या लक्षात आले, की हायड्रोजन इतकी जागा खातो की विमान पुरेसे लांब जाऊच शकणार नाही. त्यांनी स्वतः जाऊन सरकारला हे काम बंद करायला सांगितले. चालू कंत्राट आपणहून सोडणारा कंत्राटदार कोणत्याही देशात विरळाच.

मग आले ए-१२ आणि त्याचेच थोरले भावंड एसआर-७१. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग, २५ किलोमीटरच्या आसपास उंची. त्या वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने विमानाची कातडी अनेक ठिकाणी २५० अंश सेल्सियसच्या वर तापे. ॲल्युमिनियम तिथे मऊ पडते, म्हणून टायटॅनियम. आणि तो धातू मुबलक होता सोव्हिएत संघाकडे! सीआयएने बनावट कंपन्यांमार्फत तो विकत घेतला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच मालाने विमान बनले. धातू मोठा लहरी. क्लोरीनची गोष्ट आधी आलीच आहे. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्याने बोल्ट आवळला तर तापल्यावर बोल्टचे डोके गळून पडे. मग कारागिरांच्या पेट्यांतले तसले सगळे पाने बाहेर काढले गेले. तापल्यावर विमान काही इंचांनी लांबे, म्हणून टाक्यांचे सांधे थंड असताना सैल आणि जमिनीवर उभे असताना इंधन ठिबकत राहणार. इंधनही असे बनवले, की पेटती काडी टाकली तरी सहज पेट घेऊ नये. या कामात एक तरी सोपी गोष्ट दाखवणाऱ्याला ५० डॉलर देईन, असे जॉन्सन यांनी जाहीर केले होते. पैसे त्यांच्याच खिशात राहिले.

विमानाला काळा रंग द्यावा, ही सूचना बेन रिच या हाताखालच्या तरुण अभियंत्याची. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो, त्याने कातडी थोडी थंड राहील. रंगाचे वजन वाढते म्हणून जॉन्सन यांनी आधी झिडकारले, मग हिशेब पाहिला आणि मानले. एसआर-७१ एकूण ३२ बनली. अपघातांत १२ गेली. शत्रूला एकही पाडता आले नाही. ३० जुलै १९६६ रोजी या घराण्यातल्या एका विमानाच्या पाठीवरून वैमानिकरहित विमान सोडताना दोघांची टक्कर झाली आणि सोडणारा कर्मचारी रे टॉरिक समुद्रात बुडून मरण पावला. पाठीवरून सोडण्याचा तो प्रकार जॉन्सन यांनी तिथेच बंद केला.

त्यांच्या नावावरचा सर्वांत वादग्रस्त जमाखर्च मात्र एफ-१०४ स्टारफायटरचा. कोरियन युद्धात वैमानिकांना भेटून, त्यांना हवा तो वेग आणि उंची देणारे विमान त्यांनी आखले. पंख इतके पातळ आणि धारदार, की जमिनीवर त्यांच्या कडांना टोप्या घालाव्या लागत. १९५८ मध्ये वेग आणि उंची हे दोन्ही जागतिक विक्रम एकाच वेळी त्याच्याकडे होते. पण पश्चिम जर्मनीने नऊशेहून अधिक विमाने घेऊन, त्यांत आणखी साधने भरून, ती ढगाळ हवेत जमिनीलगत बॉम्बफेकीसाठी वापरली. जवळजवळ एक तृतीयांश कोसळली आणि शंभराहून अधिक वैमानिक मेले. जॉन्सन यांनी ते स्वच्छ आकाशात उंचावर झेप घेण्यासाठी बनवले होते हे खरे, पण चुकीला इतकी कमी जागा ठेवणारे विमान कोणाच्याही हाती गेले तरी धोक्याचेच होते. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानकडे हीच विमाने होती. ७ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या यांनी सरगोध्यावर आपल्या कितीतरी संथ मिस्टेअर विमानातून त्यातले एक पाडले. ते परतले नाहीत. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

१९७५ मध्ये जॉन्सन निवृत्त झाले आणि गादीवर रिच आले. रडारला जवळजवळ न दिसणाऱ्या विमानाची कल्पना त्यांनी उचलली. सपाट पत्र्यांचे ते कोनाकोनांचे धूड, त्यामागे प्योत्र उफिमत्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञाची समीकरणे. हवा दिसणाऱ्या माणसाला ते विमान वाटेचना. जुन्या विमानांपेक्षा ते रडारवर लहान दिसणार नाही, अशी पाव डॉलरची पैज त्यांनी रिच यांच्याशी लावली. मोजणी झाली, जॉन्सन हरले आणि त्यांनी नाणे काढून दिले.

देशाचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक त्यांना मिळाले होते, पण त्यांनी नेमके काय केले याचा मोठा भाग त्या वेळी लोकांना सांगता येत नव्हता. अखेरची काही वर्षे आजारपणात गेली. ६ मार्च १९९० रोजी हवाई दलाच्या सेवेतून उतरलेले एक एसआर-७१ लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला ६४ मिनिटांत पोहोचले आणि तिथे संग्रहालयाच्या ताब्यात देण्यात आले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला जॉन्सन बरबँकमधल्या रुग्णालयात वारले. ए-१२ चे बहुतेक कागद सीआयएने खुले केले, ते त्यानंतर सतरा वर्षांनी.